पहिले महागडे घड्याळ : पुढे विकायची वेळ आलीच तर पैसे बुडू नयेत, असे कोणते घ्यावे?

मृगबहार (वरुड)

नमस्कार मंडळी. शेंदुरजना घाटाच्या बाजूला आमची संत्र्याची रोपवाटिका आणि नऊ एकर बाग आहे. रोपवाटिकेला यंदा वीस वर्षे पूर्ण झाली, बँकेचे शेवटचे कर्ज मार्चमध्ये फिटले आणि आंबिया बहाराचा सौदाही बऱ्या भावाने झाला. या निमित्ताने आयुष्यात एकदा स्वतःसाठी चांगले स्विस घड्याळ घ्यावे, अशी फार दिवसांची इच्छा पूर्ण करायची आहे.

बाबांच्या मनगटावर मी लहानपणापासून एचएमटी पायलट पाहिले. सकाळी धारा काढून झाल्या की ते ओट्यावर बसून घडीला चावी देत. तो बारीक करकर आवाज आला की शाळेची वेळ झाली, हे आम्हा भावंडांना न सांगता कळायचे. बाबा गेले, घड्याळ आता माझ्याकडे आहे. मी मात्र आजवर पाचशे रुपयांचे सेलवरचे घड्याळच घालत आलो, कारण जंबेरीच्या खुंटावर डोळा भरताना चिखल, पाणी आणि चाकू यांच्यापुढे दुसरे काही टिकत नाही.

सहा लाखांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. मुलगी यंदा दहावीला आहे. तीन-चार वर्षांनी तिच्या प्रवेशाच्या वेळी हात आखडला आणि घड्याळ विकावे लागले, तर घातलेल्या पैशांचा मोठा भाग परत यावा, एवढीच अपेक्षा आहे, नफा नको. घरच्यांचे म्हणणे असे की घ्यायचेच तर सोने आणि स्टील मिळून असलेले घ्यावे, म्हणजे त्यात सोनेही येईल. गावातले जाणते लोक म्हणतात की घड्याळाचा नाद सोडा आणि सरळ सोनेच घ्या. अनुभव असलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

सरकीपेंड (हिंगणघाट)

मृगबहार भाऊ, कर्ज फिटल्याबद्दल मनापासून अभिनंदन. मी जिनिंगमध्ये नोकरी करतो आणि गेल्या चौदा वर्षांत पाच घड्याळे घेतली, त्यांतली तीन विकली. त्या बळावर लिहितो.

पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की घड्याळ किती उत्तम बनले आहे आणि ते विकताना किती पैसे येतात, यांचा संबंध आपल्याला वाटतो तितका जवळचा नाही. जपानच्या ग्रँड सेइकोचे उदाहरण घ्या. काट्यांच्या धारा, अंकांची झिलई, केसच्या कडा हे सारे इतके नेटके असते की भिंगातून पाहताना डोळा हलत नाही. पण तेच घड्याळ वर्षभर वापरून विकायला काढले की किमतीला मोठी कात्री लागते. दुसरीकडे रोलेक्स वर्षाला दहा लाखांहून अधिक घड्याळे बनवते असा अंदाज आहे, म्हणजे ती दुर्मीळ मुळीच नाहीत. तरीही त्यांचा भाव टिकतो, कारण घ्यायला उभे असलेले लोक त्याहून जास्त आहेत. आपल्याकडे कापसाचा धागा कितीही लांब असला तरी दारात गिऱ्हाईक नसेल तर भाव येत नाही, तसेच हे आहे.

रोलेक्सला गिऱ्हाईक का मिळते, हेही समजून घ्यावे. त्यांचे घाट फार सावकाश बदलतात. १९२६ साली त्यांनी पाणी आत जाऊ न देणारी ऑइस्टर केस आणली, १९३१ साली मनगटाच्या हालचालीवर आपोआप चावी भरणारा रोटर आणला, १९४५ साली डेटजस्ट काढले, आणि आजचे डेटजस्ट त्या पहिल्याच्या शेजारी ठेवले तर नातवाच्या चेहऱ्यात आजोबा दिसावेत तसे दिसते. त्यामुळे दहा वर्षे जुने घड्याळ जुनाट वाटत नाही. शिवाय जुन्या घड्याळांचे सुटे भाग दीर्घकाळ मिळत राहतात आणि जगात कुठेही ते ओळखणारा माणूस भेटतो.

आपल्या सहा लाखांत माझ्या मते पहिले नाव ऑइस्टर पर्पेच्युअलचे, ३६ मिलिमीटरचे, साध्या डायलचे. तारीख नाही, हिरे नाहीत, सोने नाही. आतली मशीन ७० तास चालते आणि रोजचा फरक दोन सेकंद मागे-पुढे एवढ्यात असावा अशी कंपनीची हमी असते. पैसे थोडे वाढवता आले तर एक्सप्लोरर पाहावे. १९५३ साली एव्हरेस्ट सर झाले त्या मोहिमेशी त्याचे नाव जोडलेले आहे. अडचण एकच : ही घड्याळे अधिकृत दुकानात काउंटरवर पैसे ठेवले की लगेच मिळत नाहीत, नाव नोंदवून वाट पाहावी लागते.

थांबायचे नसेल तर ट्यूडर ब्लॅक बे ५८ पाहावे. रोलेक्स उभी करणाऱ्या हान्स विल्सडॉर्फ यांनीच ट्यूडरही सुरू केली. २०१८ साली आलेले हे घड्याळ ३९ मिलिमीटरचे आहे आणि २०० मीटर खोलीच्या पाण्याचा दाब सोसते. विकताना ते मूळ किमतीच्या खाली जाईल, हे धरून चालावे. पण पडझड सोसवेल इतकीच असते आणि गिऱ्हाईक मिळते.

सोने-स्टीलच्या घड्याळाबद्दल घरच्यांना नम्रपणे सांगावे की त्यातले सोने कोणी तोळ्यावर मोजून घेत नाही. काचेभोवतीची कडी, चावी आणि पट्ट्याच्या मधल्या कड्या एवढ्यातच ते असते. घेताना त्याचे भरपूर पैसे मोजावे लागतात, आणि जुन्या बाजारात मात्र साधे स्टीलचे घड्याळ जितका भाव धरून ठेवते तितका हे सहसा ठेवत नाही. सोन्यासाठी सोने घ्यावे आणि घड्याळासाठी घड्याळ.

चांदीघाट (खामगाव)

आमचा तीन पिढ्यांचा सराफीचा व्यवसाय आहे, म्हणून गावातल्या जाणत्या लोकांच्या बाजूने दोन शब्द मांडतो.

मृगबहारजी, दहा तोळ्यांचे दागिने घेऊन तुम्ही वरुडच्या, मोर्शीच्या किंवा आमच्या खामगावच्या कोणत्याही पेढीवर संध्याकाळी चार वाजता गेलात, तर घट आणि मजुरी वजा होऊन पाच वाजता पैसे हाती पडतात. हॉलमार्क आणि त्यावरचा सहा अक्षरी क्रमांक असेल तर शुद्धतेवर वादही होत नाही. सहा लाखांच्या घड्याळाचे तसे नाही. ते घेऊन माझ्याकडे कोणी आले तर मी हात जोडून परत पाठवीन, कारण ते खरे की खोटे हे मला कळत नाही आणि कळले तरी पुढे विकायला माझ्याकडे गिऱ्हाईक नाही. आपल्या भागात या वस्तूला बाजारच नाही; तो मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद इकडे आहे. म्हणजे विकायला निघाल्यापासून पैसे मिळेपर्यंत एक-दोन महिने जातील, आणि त्या काळात तुम्ही घायकुतीला आला आहात असे समोरच्याला कळले की तो भाव पाडूनच मागणार.

म्हणून मुलीच्या प्रवेशाचे पैसे घड्याळात अडकवू नका. ते सोन्यात किंवा मुदत ठेवीत बाजूला काढा, आणि त्यानंतरही मन असेल तर घड्याळ अवश्य घ्या. वीस वर्षे राबलेल्या माणसाने स्वतःला काही द्यावे, याबद्दल माझे दुमत नाही.

वैनगंगा (भंडारा)

माझा अनुभव सांगते. मी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. २०२१ साली मी अधिकृत दुकानातून ओमेगाचे सीमास्टर घेतले, चार लाखांच्या थोडे वर किंमत पडली. घड्याळ म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्रातही चालते अशी त्याची चाचणी झालेली असते, आणि रुग्णालयातल्या यंत्रांच्या आसपास वावरताना मला तेच हवे होते. तीन वर्षांनी घराच्या बांधकामासाठी विकायचे ठरवले तेव्हा पहिल्या व्यापाऱ्याने दोन लाख वीस हजार सांगितले, दुसऱ्याने दोन लाख चाळीस. शेवटी ओळखीतून, थेट वापरणाऱ्या माणसाला, दोन लाख सत्तर हजारांना दिले. बॉक्स, बिल, गॅरंटी कार्ड आणि पट्ट्याच्या काढलेल्या कड्या हे सगळे माझ्याकडे होते म्हणून एवढे तरी आले.

ओमेगा वाईट आहे, असे कोणी समजू नये. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या माणसाच्या हातात त्यांचे स्पीडमास्टर होते, आणि ते आजही तशाच हाताने चावी द्यायच्या मशीनवर मिळते. मात्र नवे घेताना पहिला मोठा तोटा आपल्या माथी येतो. हीच घड्याळे जुनी पण कागदपत्रांसह घेतली, तर तो तोटा आधीच्या मालकाने सोसलेला असतो आणि आपले नुकसान पुष्कळ कमी होते. मला हे कोणी आधी सांगितले असते तर मी तसेच केले असते.

मृगबहार (वरुड)

सर्वांचे आभार. चांदीघाट काकाजींचे म्हणणे घरात मोठ्याने वाचून दाखवले. प्रवेशाची रक्कम वेगळी काढण्याचे ठरले, आणि त्यामुळे घड्याळाचे बजेट सहावरून साडेपाचावर आले आहे.

वैनगंगाताईंच्या प्रतिसादावरून एक प्रश्न पडला. आमच्या धंद्यात कलम घेताना शहाणे गिऱ्हाईक मातृवृक्ष कोणता, हे आधी विचारते; पानावरून आणि उंचीवरून फसवणे सोपे असते. जुन्या घड्याळाची अशी खातरजमा कशी करायची? दुसरे असे की काही दुकाने रोलेक्स लगेच देतो म्हणतात, पण छापील किमतीच्या वर सव्वा ते दीड लाख मागतात. ते द्यावेत का?

काळीमाती (वाशिम)

जुने घड्याळ घेण्याआधी माझी गोष्ट ऐका. रस्त्यात जमीन गेली तेव्हा आलेल्या पैशांतून मी फोनवरचे फोटो पाहून एका शहरातल्या विक्रेत्याकडून वापरलेले डेटजस्ट घेतले. घड्याळ आरशासारखे चमकत होते, आणि त्या चमकेवरच मी भुललो. दोन वर्षांनी दुसरीकडे दाखवले तेव्हा समोरच्या माणसाने भिंग माझ्याच हाती दिले आणि पाहा म्हणाला. जिथे पट्टा केसला जोडला जातो ती चार टोके आपण शिंगे समजू. शोरूममधल्या घड्याळाच्या शिंगांची कड बोटाला जाणवते आणि चारही शिंगे सारख्या जाडीची असतात. माझ्या घड्याळाची शिंगे साबणाच्या वडीसारखी गोल झाली होती, त्यातले एक तर उघड बारीक होते, आणि पट्ट्याची पिन ज्या भोकात बसते ते भोक कडेच्या अगदी जवळ आले होते. ओरखडे काढण्यासाठी ते इतक्या वेळा चाकावर घासले गेले होते की धातूच झिजला होता. घासलेला धातू परत येत नाही. डायलही मूळचा नव्हता, पुन्हा रंगवलेला होता. मशीन खरी होती, एवढेच समाधान. मला जवळपास निम्मे पैसे सोडावे लागले.

विक्रेत्याला फोन केला तर त्याने उत्तर दिले की घेताना तुम्हीच पसंत केले. कायद्याच्या वाटेने जायला माझ्याकडे धड बिलही नव्हते, एक साधी चिठ्ठी होती. माझी हीच चूक कोणी करू नये, म्हणून सविस्तर लिहिले.

सरकीपेंड (हिंगणघाट)

काळीमाती भाऊ, वाचून वाईट वाटले. तुमची गोष्ट या धाग्यातली सगळ्यात उपयोगी आहे, कारण नवखा माणूस नेमका चमकेलाच फसतो. ज्या घड्याळावर प्रामाणिक ओरखडे आहेत आणि कडा शाबूत आहेत, ते अधिक किमतीचे असते.

मृगबहार भाऊ, खातरजमेची रीत सांगतो. आधी कार्ड आणि घड्याळ यांचा मेळ घाला. रोलेक्सच्या आताच्या घड्याळांत काचेच्या आत, डायलभोवतीच्या उभ्या कड्यावर, सहाच्या बाजूला अनुक्रमांक कोरलेला असतो; तोच आकडा कार्डावर हवा. कार्ड आणि बॉक्स मिळाले म्हणजे सगळे मिळाले असे मात्र नाही, कारण रिकामे बॉक्स आणि बनावट कार्डे वेगळी विकली जातात. मग चावी उघडून पाहा. स्क्रूची चावी सुटताना आणि बसताना एकाही फेऱ्यावर अडकता कामा नये. आटे झिजले असतील तर पाणी आत जाणार, हे नक्की. पट्टा आडवा धरून पाहा. नवा पट्टा काठीसारखा सरळ राहतो, थकलेला पट्टा दोरीसारखा खाली झुकतो. त्यानंतर घड्याळ टाइमग्राफरवर ठेवायला सांगा. हे छोटे यंत्र मशीनचे ठोके ऐकते. आजच्या बहुतेक चांगल्या मशीन तासाला २८,८०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला आठ. पूर्ण चावी भरलेल्या स्थितीत आतल्या झुलत्या चाकाचा झोका साधारण २७० ते ३०० अंश दिसला तर मशीन निरोगी समजावी. तो २२० च्या आसपास घुटमळत असेल तर तेल सुकले आहे आणि सर्व्हिसिंगचा पाच आकडी खर्च समोर उभा आहे, असे धरून भाव करावा. सगळ्यात शेवटी, सौदा ठरला तरी पूर्ण पैसे देण्याआधी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस केंद्रात ते दाखवण्याची अट घालावी. खरा विक्रेता या अटीला नाही म्हणत नाही.

आता जादा पैशांचा प्रश्न. माझे मत स्पष्ट आहे : देऊ नयेत. २०२० साली फिरोजी डायलचे ऑइस्टर पर्पेच्युअल आले तेव्हा लोकांनी मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजले. २०२२ च्या सुरुवातीला जुन्या घड्याळांचा सगळाच बाजार शिखरावर होता, आणि तिथून तो दोन वर्षे उतरत गेला. ज्यांनी छापील किमतीला घेतले होते, त्यांना त्या उताराची झळ बसली नाही. ज्यांनी शिखरावर जादा पैसे देऊन घेतले, ते अजून भरून निघालेले नाहीत. पुनर्विक्रीत पैसे टिकतील की नाही, हे विकायच्या दिवशी ठरते असे आपण समजतो. माझ्या अनुभवात त्याचा मोठा भाग घेण्याच्या दिवशीच ठरून गेलेला असतो. भाऊ, सोयाबीन कोणत्या भावाने भरून ठेवले यावरच पुढचा हिशेब अवलंबून असतो ना?

नवपेरा (चंद्रपूर)

मग थोडे कर्ज काढून थेट पाटेक फिलिपचे नॉटिलस किंवा ऑदेमार पिगेचे रॉयल ओक का घेऊ नये? त्यांचे भाव तर मूळ किमतीच्या दुप्पट झालेले ऐकले आहेत.

सरकीपेंड (हिंगणघाट)

नवपेरा दादा, रॉयल ओक १९७२ चे आणि नॉटिलस १९७६ चे, दोन्ही जेराल्ड जेंटा यांच्या हातची रेखाटने, आणि दोन्ही माझ्या फार आवडीची. पण त्यांच्या किमती वेगळ्याच उंचीवर आहेत आणि २०२२ नंतर सर्वांत मोठी आपटी खाल्लेल्यांत हीच होती. कर्ज काढून घड्याळ कोणीही घेऊ नये, मग ते कोणतेही असो. या धाग्यात तो विषय इथेच थांबवू या.

हिशेबवही (अकोला)

मी करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते. व्यवहाराच्या बाजूने काही गोष्टी नोंदवणे आवश्यक वाटते.

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून आपल्याकडे मोठी खरेदी रोखीने करण्याची सवय आहे. तसे करू नये. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारण्यास कायद्याने बंदी आहे आणि ती रोकड घेणाऱ्याला तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो. उद्या तुम्ही विकाल तेव्हा रोकड घेणारे तुम्ही असाल, हेही विसरू नये. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो. दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता एक टक्का कर आगाऊ गोळा करतो, तो विवरणपत्रात वळता होतो. मृगबहारजींच्या बजेटला तो लागू नाही.

यापेक्षा महत्त्वाची बाब सीमाशुल्काची आहे, आणि पुनर्विक्रीशी तिचा थेट संबंध आहे. स्विस घड्याळांवर आपल्याकडे २० टक्के सीमाशुल्क आणि त्यावर अधिभार मिळून २२ टक्के भार होता, आणि वर १८ टक्के जीएसटी. स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा गटाशी भारताने १० मार्च २०२४ रोजी व्यापार करार केला, तो १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, आणि त्यानुसार स्विस घड्याळांवरचे सीमाशुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचे आहे. सगळी सवलत कंपन्या गिऱ्हाइकाला देतीलच असे नाही, कारण त्या आपल्या मूळ किमती वाढवतही असतात. पण आज पूर्ण शुल्क भरून आलेले घड्याळ आणि पाच वर्षांनी कमी शुल्कात येणारे तेच नवे घड्याळ यांची तुलना तुमचे गिऱ्हाईक करणारच. ज्या मॉडेलला रांग लागलेली आहे त्याला याचा धक्का कमी बसेल. जे दुकानात सवलतीत मिळते त्याला जास्त बसेल. सरकीपेंड यांनी साध्या स्टीलच्या आणि मागणी असलेल्या मॉडेलचा आग्रह धरला आहे, त्याला हे आणखी एक कारण समजावे.

परदेशातून नातेवाइकाच्या हातून मागवण्याचा विचार असेल तर विमानतळावर शुल्क भरल्याची पावती बिलासोबत कायम जपावी. ती नसेल तर जाणते गिऱ्हाईक हात आखडता घेते.

घडीसाज (यवतमाळ)

माझे वडील चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त करत होते, आता तेच काम मी करतो. आपल्या हवामानाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण घड्याळाची अवस्था हीच पुढे किंमत होते.

स्विस क्रोनोमीटरची, म्हणजे अचूकतेचे प्रमाणपत्र मिळणाऱ्या घड्याळाची, सरकारमान्य चाचणी पंधरा दिवस चालते. मशीन पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश तापमानात तपासतात. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ होते, आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर किंवा गाडीच्या काचेमागे त्याहून कितीतरी अधिक. हातात असताना शरीर ते सांभाळून घेते, म्हणून चिंता नाही. काढून उन्हात ठेवलेले घड्याळ मात्र खराब होते. तेल पातळ होऊन सरकते आणि चावीजवळच्या, मागच्या झाकणाच्या रबरी कड्या कडक होतात. मग पहिल्या पावसात काचेला आतून वाफ धरते. म्हणून दोन-तीन वर्षांतून एकदा पाण्याच्या दाबाची चाचणी करून घ्यावी. चामड्याचा पट्टा आपल्या घामात एका उन्हाळ्यात सडतो, स्टीलचाच पट्टा बरा.

फवारणीच्या वेळी घड्याळ घरीच ठेवावे. औषधाचा थर कड्यांच्या सांध्यांत बसतो आणि तो नुसत्या फडक्याने निघत नाही. एखाद्या दिवशी घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे धावू लागले तर घाबरू नये, ते बहुधा स्पीकरच्या किंवा मोबाइल कव्हरच्या चुंबकाने भारलेले असते. आमच्याकडे ते एका मिनिटात उतरवता येते. मात्र गॅरंटीत असलेले घड्याळ माझ्यासह कोणत्याही गावच्या कारागिराला उघडू देऊ नका. मागचे झाकण चाकूच्या टोकाने उघडलेली महागडी घड्याळे माझ्याकडे आली आहेत, आणि तो एक ओरखडा पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दिसतो. अधिकृत सर्व्हिसिंगला देतानाही पॉलिश करू नये असे लेखी द्यावे.

मृगबहारजी, वडिलांचे पायलट माझ्याकडे आणा. एचएमटीने १९६१ साली बंगळुरात जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली, आणि २०१६ साली सरकारने घड्याळांची ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यांचे जुने सुटे भाग मी जपून ठेवले आहेत.

मृगबहार (वरुड)

सात महिन्यांनी परत लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमा असावी.

हैदराबादच्या अधिकृत दुकानात नाव नोंदवले होते. आधी वाटले की चपलांना बागेची माती लागलेल्या माणसाला कोण विचारणार, पण तिथल्या मुलाने शांतपणे सगळी घड्याळे दाखवली. ४१ मिलिमीटरचे माझ्या मनगटावर थाळीसारखे दिसले. ३६ चे घातले आणि मी व तो मुलगा, दोघेही एकदम हो म्हणालो. काळा डायल, तारीख नाही. मागच्या महिन्यात फोन आला. बँकेतून पैसे वळते केले, जादा एक रुपयाही दिला नाही, आणि रक्कम ठरवलेल्या बजेटात बसली. दागिन्यांच्या बाबतीत काकाजींचा सल्ला आधीच पाळला होता, ते मुलीच्या नावाने लॉकरमध्ये आहेत.

बिल, कार्ड आणि पट्ट्याच्या काढलेल्या दोन कड्या एका पाकिटात घालून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवल्या आहेत. रोपवाटिकेत मी अजून तेच पाचशे रुपयांचे घालतो. नवे बाजारात जाताना आणि पाहुण्यांकडे जाताना.

यवतमाळला पायलटही सुरू झाले. घडीसाजजींनी फक्त साफसफाईचे पैसे घेतले, भाग स्वतःजवळचा लावला. मुलगी रोज रात्री मोबाइलशी दोन्ही घड्याळे ताडून वहीत लिहिते. रोलेक्स आठ दिवसांत पाच सेकंद पुढे गेले आहे. पायलट दिवसाला पाऊण मिनिट मागे पडते, आणि सकाळी ओट्यावर बसून त्याला चावी आता मी देतो.